विश्लेषण : मोटरहोममागे ओढल्या जाणाऱ्या पिकअपचा ‘न्यूट्रल’ नेमका कोणता?

अमेरिकेतील महामार्गांवर बसएवढ्या मोटरहोममागे एखादी रिकामी पिकअप चारही चाकांवर धावताना दिसते. आत चालक नाही, इंजिन बंद. मुक्कामाला मोटरहोम उभी करायची आणि किराणा आणायला किंवा डोंगरात भटकायला पिकअप न्यायची, हा त्यामागचा हिशेब. ट्रेलरचे वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. या पद्धतीला ‘फ्लॅट टोइंग’ म्हणतात. ‘मॅन्युअल आहे ना, मग न्यूट्रलला टाका आणि निघा’ हा तिथला लोकप्रिय सल्ला. तो अर्धवट आहे आणि महागात पडू शकतो.

गिअरबॉक्स का खराब होतो?

बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलासाठी पंप नसतो. खालच्या काउंटरशाफ्टवरील गिअर तेलात फिरतात आणि तेल वर उडवतात. हा शाफ्ट फिरतो तो इंजिनच्या बाजूने. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली, तर चाकांमुळे आउटपुट शाफ्ट फिरतो, पण काउंटरशाफ्ट जागेवरच राहतो. म्हणजे वरचे बेअरिंग तेलाविना शेकडो किलोमीटर फिरत राहतात. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही. बिघाड कळतो तो थेट आवाज आल्यावर.

मग योग्य पद्धत कोणती?

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिला स्वतःचा न्यूट्रल असेल, तर चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटतो. (आपल्याकडे थारच्या छोट्या लीव्हरवर दिसणारा ‘एन’ हाच.) म्हणून जीप ग्लॅडिएटरसारख्या पिकअपमध्ये ट्रान्सफर केस न्यूट्रलला आणि मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र गिअरमध्ये ठेवायचा असतो. ऐकायला उलटे वाटते, पण त्यामुळे गिअरबॉक्स पूर्ण स्थिर राहतो. लीव्हर खरोखर न्यूट्रलला बसला का, हे इंजिन चालू असताना गिअर टाकून, क्लच हळूच सोडून पाहता येते. गाडी जागची हलता कामा नये.

तरीही निर्णय मालकाच्या पुस्तिकेचाच. टोयोटा टॅकोमाही मॅन्युअल फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये मिळते, पण कंपनी चारही चाके जमिनीवर ठेवून ती ओढण्यास मनाई करते. बटणावर चालणाऱ्या अनेक ट्रान्सफर केसना तर न्यूट्रलच नसतो.

जोडताना आणि सोडताना काय होऊ शकते?

खरा जीवघेणा धोका इथे आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये उभी करण्याची सवय अनेकांना असते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल, तर त्या गिअरचा काहीच उपयोग नाही. गाडी सरळ घरंगळते. टो-बार सोडवायला दोन गाड्यांच्या मध्ये उभा असलेला माणूस तिच्या वाटेतच असतो. पार्किंग ब्रेक हा एकच आधार. जोडताना तो सर्वांत शेवटी सोडायचा, सोडवताना सर्वांत आधी ओढायचा. २०१३ मध्ये क्रायस्लरने जीपच्या सुमारे ४ लाख ६९ हजार एसयूव्ही परत मागवल्या होत्या, त्या याच भीतीने : ट्रान्सफर केस आपोआप न्यूट्रलला जाण्याची शक्यता होती.

ब्रेक आणि वजन

ग्लॅडिएटर दोन टनांहून जड. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोठ्या मोटरहोमची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो. पिकअपच्या हौद्यात सामान भरले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतंत्र ब्रेकयंत्रणा हवी. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढे ते बंधनकारक आहे. शिवाय या जोडीला रिव्हर्स घेता येत नाही. मागच्या गाडीची पुढची चाके आडवी वळतात आणि टो-बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरल्यास भर रस्त्यात पिकअप सोडवण्यावाचून पर्याय नाही, आणि तिथे उतार असेल तर पुन्हा पार्किंग ब्रेकचाच प्रश्न.