पोटातल्यांची नोंद कोण घेणार?

आमच्या घरानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. तरी परवा वहिनीच्या दंडाला गंडा दिसला. दोनदा पोट पडलं तिचं. आई म्हणाली, नजर लागली. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे काहीतरी. सरकारी दवाखान्यानं लिहिलं, अशक्तपणा. वस्ती आमची रसायनाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून. रात्री खिडकी लावली तरी डोळे चुरचुरतात. पण बाई, तू राहतेस कुठं, पाणी कुठलं पितेस, हे तिला एकानंही विचारलं नाही. मीही नाही. आणि म्हणे मी कार्यकर्ता!

मित्रांनो, भोपाळ आठवा. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. कीटकनाशक बनवायचं रसायन. फाटकासमोर गरिबांची वस्ती, जे. पी. नगर. मेले किती, यावर अजून वाद आहे. पण एक आकडा आपल्या भाषणांत कधी येत नाही. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, त्या वेळी गरोदर असलेल्या ८६५ बायांची माहिती संशोधक दया वर्मांनी १९८७ साली छापली. शंभरातल्या ४३ जणींच्या हाती जिवंत मूल आलं नाही. जी पोरं जिवंत जन्मली त्यांतली शंभरातली १४ महिन्याभरात गेली. आधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण तीनच्या आत होतं.

ही कुणाची नजर? कुठल्या जन्माचं पाप?

विष जात विचारत नाही, असं शहाणे सांगतात. खरंय. पण विषाच्या शेजारी कुणी झोपायचं, ते जात आणि पैसाच ठरवतात. शिसं, पारा वारेतून पोटातल्या पोरापर्यंत पोचतात. गंड्यानं ते अडत नाहीत.

बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या बिलामागं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळालीच पाहिजे, त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा, असं त्यांनी बजावलं. मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीतल्या बायांसाठी मातृत्व लाभाची दुरुस्ती आणली. आणि आपण? आपल्या पत्रकात कामगार म्हणजे गडीमाणूस. मोर्चात बाया पुढं, मागण्यांत त्यांचं नाव नाही.

वहिनीचा गंडा तोडायला मी हात पुढं केला. ती म्हणाली, "भावजी, गंडा तोडाल हो. धूर कोण बंद करणार?"

माझी मान खाली गेली.

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतो. त्याच्या चार दिवस आधी भोपाळची रात्र येते. त्या रात्रीपर्यंत वस्तीवस्तीत एक वही तयार करा. किती पोटं पडली, कितव्या महिन्यात, पाणी कुठलं, कारखाना किती पावलांवर. बाईच्या मर्जीनं, नाव झाकून, बायांनीच लिहायचं. मग फाटकावर जाऊन विचारा, टाकीत काय आहे ते मराठीत लिहून लावा. वही पुढं ठेवा, सरकारी डॉक्टरला वस्तीत आणा.

बाईला वांझ म्हणून टाकायच्या आधी हवा तपासा.

वही आणा. जयभीम.