ढगाळ दिवस, अंगणातली पाखरे आणि फ्लॅश



सोलापूरला पाऊस थोडा आणि आभाळ फार. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. आषाढ-श्रावणात मात्र दिवसच्या दिवस ढग दाटून राहतात, वारा सुटतो, थोडी भुरभुर होते आणि ऊन काही दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत आपल्या दारापुढच्या शेवग्यावर, पेरूवर, जास्वंदीवर पाखरांची धांदल चाललेली असते. शिंपी, शिंजीर, बुलबुल, दयाळ, मुनिया, सातभाई ही सगळी मंडळी बुधवार पेठेत आहेत तशीच विडी घरकुलातही आहेत. ती पाहण्यासाठी तिकीट लागत नाही.

याच दिवसांत लग्नसराई संपलेली असते. फोटोग्राफीवर पोट असलेल्या आपल्या वस्तीतल्या मुलांचे कॅमेरे कपाटात पडून असतात. ती मुले पाखरांकडे वळतात आणि आम्हांला विचारतात, ‘‘ढगाळ हवेत फोटो काळे येतात, हलतात. लग्नातला फ्लॅश पाखरावर मारला तर चालेल का?’’ चालेल, असे आमचे उत्तर आहे. पण किती मारायचा आणि कुठे मुळीच मारायचा नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

उजेड किती कमी होतो?

आधी हिशेब पाहू. कॅमेऱ्याचा आयएसओ ४०० आणि लेन्सचे तोंड एफ ५.६ धरा. कडक उन्हात शटर सेकंदाच्या ३२०० व्या भागाइतके ठेवता येते. दाट ढग आले की तेच शटर ४०० व्या भागावर उतरते, म्हणजे उजेड आठ पटींनी घटतो. पाखरू झाडाच्या पानाआड बसले असेल तर १०० व्या भागापर्यंत खाली यावे लागते. आता ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो काढायचा तर शटर निदान ३०० व्या भागाचे हवे, नाहीतर आपल्याच हाताची थरथर फोटोत येते. शिवाय पाखरू काही स्टुडिओतल्या नवरदेवासारखे मान धरून बसत नाही. फोटो का हलतो, ते यावरून ध्यानात येईल.

म्हणून फ्लॅशकडे हात जाण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली म्हणजे आयएसओ वाढवावा. रोलच्या काळात ४०० चा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच चालवावा लागे. आजच्या कॅमेऱ्यात बोटाच्या एका दाबाने १६०० करता येतो. थोडे दाणे दिसतात, पण हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा. दुसरी म्हणजे कॅमेरा टेकवावा. स्टँड नसेल तर धान्याची अर्धी भरलेली पिशवी खिडकीत किंवा पिंपावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली तरी काम होते. तिसरी म्हणजे पाखरू क्षणभर थांबते तेव्हाच बटण दाबावे. बुलबुल शीळ घालण्याआधी मान वर करतो आणि क्षणभर स्थिर होतो. दहा मिनिटे नुसते पाहिले की प्रत्येक पाखराची अशी सवय कळते. या तिन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागते.

मग फ्लॅश कशासाठी?

फ्लॅशचे खरे काम उजेड वाढवणे एवढेच नाही. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो. त्यामुळे पाखराच्या पोटाखाली सावली साचते, डोळा पिसांत बुडून जातो आणि रंग मरगळतात. विणीच्या दिवसांतला जांभळ्या शिंजिराचा नर आठवा. ढगाळ दिवशी तो कोळशाच्या तुकड्यासारखा दिसतो. पुष्कळ लोक त्याला काळी चिमणीच समजतात. पण तो काळा नसतो. त्याच्या पिसांच्या बारीक रचनेवर उजेड पडून एका दिशेने परतला, म्हणजेच निळा, जांभळा आणि हिरवट झळाळ उमटतो. कोतवालाच्या काळ्या अंगावरही अशी निळसर तकाकी असते. उजेडच नीट पोचला नाही तर आपण त्याला काळा म्हणून मोकळे होतो. फ्लॅशचा हलका झोत त्याचा दडलेला रंग त्याला परत मिळवून देतो. आणि डोळ्यात एक बारीक पांढरा ठिपका उमटतो. तो ठिपका नसला की जिवंत पाखरूही फोटोत भुसा भरलेले वाटते.

मात्र हे काम थोड्याच प्रकाशाने होते, भाजीत मीठ पडते तेवढ्याने. लग्नात स्टेजवर मारतो तसा पुरा फ्लॅश पाखरावर मारला की पाखरू पांढरे फटक आणि मागे अमावास्या, असा फोटो येतो. दुपारचे बारा वाजलेले असताना फोटोत रात्र दिसते. असा फोटो खोटा वाटतो, आणि तो असतोही खोटाच.

पाव आणि अर्धपाव

प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो. तो लेन्सच्या आकड्याने भागला की फ्लॅश किती मीटर पोचेल ते कळते. आयएसओ १०० ला गाइड नंबर २८ असेल तर एफ ५.६ ला भागून ५ मीटर येतात. आयएसओ ४०० केला की पोच दुप्पट, म्हणजे १० मीटर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो, हे कायम ध्यानात ठेवावे. म्हणूनच मोबाइलचा दिवा पाखराच्या कामाचा नाही. तो दोन-तीन हातांपलीकडे जेमतेम पोचतो. मोबाइलने फोटो काढायचा तर तो दिवा बंदच ठेवावा.

आता समजा, पाखरू ५ मीटरवर, पेरूच्या फांदीखाली आहे. आयएसओ ४०० आणि एफ ५.६ ठेवा. तिथे शटर १०० वे हवे होते, ते २०० वे ठेवा. मागची हिरवळ थोडी गडद येईल, पण काळी होणार नाही. अशा वेळी फ्लॅशची पाव ताकद पाखराला पूर्ण उजळते. आपल्याला तेवढीही नको, अर्धपाव, म्हणजे आठवा हिस्सा पुरे. फ्लॅश आपोआप चालणारा असेल तर त्याची भरपाई उणे एक किंवा त्याहून थोडी खाली ठेवावी. ताकद कमी केली की झोताचा काळही फार छोटा होतो, हजारो भागांतला एक. त्यामुळे पंखांची फडफड थिजून येते. सेलही पुरवून पुरतात आणि फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागत नाही. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात विजेच्या अशाच क्षणिक झोताचे तंत्र विकसित केले आणि हमिंगबर्डचे न दिसणारे पंख फोटोत थांबवून दाखवले. आपल्या हातातला फ्लॅश त्याच तंत्रातून आला आहे.

शटर २०० च्या वर नेण्याचा मोह मात्र आवरावा. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत फ्लॅश आणि शटर यांचा मेळ २०० च्या आसपासच बसतो, आणि कापडी पडद्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत तर ६० ला. त्यापुढे गेलात तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. वेगवान शटरला जुळणारे फ्लॅश मिळतात, पण त्या पद्धतीत त्यांची पोच बरीच घटते.

फ्लॅश शक्यतो लेन्सपासून वीतभर वर किंवा बाजूला धरावा. दोन्ही एका रेषेत आले की झोत पाखराच्या डोळ्याच्या पाठीमागून परततो आणि डोळा पत्र्यासारखा चमकतो. पट्टी आणि वायर मिळते. तीही नसेल तर घरातल्या कोणाला फ्लॅश धरायला उभे करता येईल, फक्त त्याने हलता कामा नये. पाऊस पडत असताना फ्लॅश मारू नये. समोरचा प्रत्येक थेंब फोटोत पांढरा ठिपका होऊन बसतो आणि ओली पाने आरशासारखी चकाकतात. वळचणीखाली बसावे, सर ओसरली की दोन मिनिटे पाने निथळू द्यावीत. पाऊस थांबला की पाखरेही पंख झटकायला बाहेर येतात, तीच फोटोची खरी वेळ.

एक धोक्याची सूचना. वडिलांच्या किंवा काकांच्या वेळचा जुना फ्लॅश पेटीत सापडला म्हणून सरळ नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकाशी शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत दाब असतो, तो कॅमेऱ्याचा आतला भाग जाळू शकतो. आधी जाणकार मेकॅनिककडून मीटर लावून तपासून घ्यावा. तसेच बंद पडलेला फ्लॅश घरी उघडू नये. सेल काढल्यावरही आत साठलेली वीज चांगलाच झटका देते. आणि एवढ्यासाठी कर्ज काढून नवा फ्लॅश किंवा नवी लेन्स घेऊ नये. हप्ते फेडताना पाखरांकडे पाहण्याची इच्छाच उरत नाही. गल्लीतल्या मित्राचा फ्लॅश सुट्टीच्या दिवशी मागून आणावा.

जिथे फ्लॅश मारायचाच नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या दिवसांत आभाळ झाकोळलेले असते, त्याच दिवसांत पुष्कळ पाखरांची घरटी असतात. शिंप्याने पाने शिवलेली असतात, सुगरण खोपे विणत असते, मुनियाचे गवताचे गोळे फांद्यांत दिसू लागतात. म्हणजे फ्लॅशची गरज आपल्याला ज्या वेळी वाटते, त्याच वेळी त्याने नुकसान होण्याची भीती सर्वांत जास्त. घरट्यावर झोत पडला, आई भिऊन उडाली आणि वरून भुरभुर सुरू असली, तर उघडी पिले भिजतात, गारठतात. आपण पाने बाजूला सारून घरटे मोकळे केले की ते कावळ्याला आणि मांजरालाही दिसते. आपला फोटो निघतो आणि संध्याकाळी घरटे रिकामे होते. असा फोटो कितीही सुंदर आला तरी तो भिंतीवर लावण्याच्या लायकीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानेही अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येत घातले आहे.

रात्री घुबडावर किंवा पिंगळ्यावरही फ्लॅश नको. अंधारात त्यांच्या डोळ्याची बाहुली पूर्ण उघडलेली असते. अचानक झोत आला की ती दिपून जातात, आणि त्यांचे तर सगळे पोटपाणी त्या डोळ्यांवर. दिवसासुद्धा पाखरू एका झोताने दचकले, मान आखडून बसले किंवा चोचीत किडा धरून घरट्याकडे न जाता तिथेच ओरडू लागले, तर फ्लॅश बंद करून मागे सरावे. त्याने आपल्याला ‘‘आता जा’’ असे सांगितलेले असते.

आपल्या वाचकांना वर्षावास नवा नाही. पण तो का सुरू झाला याची विनयपिटकातल्या महावग्गातली हकीकत पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यातही फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि लहान जीव तुडवतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी बांधून या दिवसांत एके ठिकाणी राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. ती भगवंतांच्या कानी गेली आणि पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. म्हणजे पावसात घरट्यात बसलेल्या पाखराचा दाखला लोकांनी त्या काळी भिक्खूंना दिला होता. त्याच पाखराच्या तोंडावर आज आपण झोत मारू नये, एवढे तरी आपल्याला कळले पाहिजे.

घरातले जाणकार

शेवटी एक सांगावेसे वाटते. पाखरू केव्हा येते, कोणत्या फांदीवर बसते, कुठे घरटे आहे, हे कॅमेरेवाल्या मुलापेक्षा उंबऱ्यात विड्या वळत बसलेल्या त्याच्या आईला जास्त ठाऊक असते. दिवसभर तिचे हात सुपात असतात, पण डोळे आणि कान अंगणात असतात. तेव्हा आधी आईला विचारा. फोटो निघाला की पहिली प्रत तिच्या हातात द्या, आणि मागे तारीख, जागा व पाखराचे मराठी नाव लिहा. नावे शोधायला मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ ग्रंथालयात मागावा. चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच. १९३२ साली इथे जन्मले, वनखात्यात उभी हयात घालवली, २००६ साली सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १८ जून २०२५ रोजी इथेच त्यांचे निधन झाले.

लहान मुलांना मात्र पहिले आठ दिवस कॅमेरा देऊ नका. वही-पेन्सिल द्या आणि दारात येणारी पाखरे मोजायला सांगा. ज्याला पाखरू कुठे बसते ते कळले, त्याला अर्धपाव फ्लॅशही पुरतो.

पुढील लेखात घरातले जुने फोटो ओलीपासून आणि वाळवीपासून कसे जपावेत, ते पाहू. तूर्त एवढेच.