इंजिन मागे गेलं, पेडल हरवलं

१८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या टस्टिन गावी, एका जुन्या प्रचंड हँगरमध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट या आपल्या स्पोर्ट्स कारची नवी पिढी लोकांसमोर आणली आणि अमेरिकेतल्या गाडीवेड्यांमध्ये उभे दोन तट पडले. आपल्याकडे शेव्हरोले म्हटलं की तवेरा किंवा बीट आठवते. कॉर्व्हेट भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. पण अमेरिकेत कॉर्व्हेट ही घराघरांतली गोष्ट आहे. मालक एकमेकांना नावाने ओळखत नसले, तरी रस्त्यात समोरून दुसरी कॉर्व्हेट आली की हात करायची तिथे रीत आहे.

१९५३पासून या गाडीचा थाट ठरलेला होता. पुढे लांबच लांब बॉनेट, त्याखाली इंजिन, आणि चालक जवळजवळ मागच्या चाकांपाशी. आठव्या पिढीच्या या गाडीत इंजिन उचलून चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसवलं. कुणी म्हणालं, ही आता फेरारीची नक्कल झाली. कुणी म्हणालं, लांब नाकाशिवाय कॉर्व्हेट कसली? दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की हे चाळीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

इंजिनाच्या जागेबाबत मी दुसऱ्या तटात आहे, आणि त्याचं कारण निव्वळ पदार्थविज्ञान आहे. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन, हात लांब करून गिरकी घेऊन पाहा. मग त्याच बादल्या अंगाशी धरून घ्या. वजन मध्याजवळ असलं की वळायला सोपं जातं, थांबायलाही. शिवाय इंजिनाचा भार मागच्या चाकांवर आला की त्या चाकांची रस्त्यावरची पकड वाढते, आणि ताकद तर त्याच चाकांना द्यायची असते. आधीच्या पिढीची सर्वांत जहाल कॉर्व्हेट, झेडआर१, ७५५ अश्वशक्तीची होती. पुढे इंजिन ठेवून त्यापेक्षा जास्त जोर मागच्या दोन चाकांना देणं म्हणजे टायर जाळणं. ती वाट तिथे संपलीच होती.

आणि नकलेचा आरोप तर मला मुळीच पटत नाही. ज्यांना कॉर्व्हेटचे जनक म्हणतात ते झोरा आर्कस-डन्टोव्ह हीच गाडी मागत होते. खरं तर त्यांनी कॉर्व्हेट जन्माला घातली नाही. १९५३च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात ती प्रदर्शनात मांडलेली पाहिली, रूपावर भुलले, आणि शेव्हरोलेला पत्र लिहून त्याच वर्षी तिथे नोकरीला लागले. ब्रसेल्समध्ये रशियन आईवडिलांच्या पोटी जन्म, बालपण रशियात, शिक्षण बर्लिनमध्ये, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत. माणूस नुसता कागदावरचा इंजिनिअर नव्हता. १९५४ आणि १९५५ अशी दोन्ही वर्षं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शे ५५०मधून त्यांनी आपल्या गटात विजय मिळवला. त्या पोर्शेचं इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं. मधलं इंजिन काय करतं हे त्यांना स्टिअरिंगवरच्या तळव्यांतून कळलेलं होतं.

म्हणूनच १९६०मध्ये त्यांनी एक माणूस बसेल अशी सर्व्ह-१ नावाची प्रायोगिक गाडी दाखवली, इंजिन मागे असलेली. १९६४मध्ये सर्व्ह-२. १९७०च्या न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२. दर वेळी लोक थक्क झाले आणि दर वेळी वरिष्ठांनी हिशेब मांडला: आहे ती गाडी खपतेय, मग खर्च कशाला? १९७५मध्ये झोरा निवृत्त झाले, १९९६मध्ये गेले. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला, कॉर्व्हेटच्या कारखान्याशेजारच्या संग्रहालयात त्यांची रक्षा ठेवलेली आहे. २०२०च्या फेब्रुवारीपासून त्याच कारखान्यातून त्यांच्या मनातली गाडी बाहेर पडू लागली. हे लिहिताना माझा गळा दाटून येतो. ज्या गाडीसाठी झोरा आयुष्यभर भांडले, तिला परकी कसं म्हणायचं?

परंपरेच्या नावाने ओरडणाऱ्यांना आणखी एक जुना किस्सा सांगावासा वाटतो. १९६३च्या कॉर्व्हेट कूपेची मागची काच मधोमध पट्टीने दुभागलेली होती. डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल यांचा त्या पट्टीवर जीव. झोरांना ती खटकायची, कारण मागचं दिसायचं नाही. समीक्षकांनीही नावं ठेवली. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. काही मालकांनी तर स्वतःच्या गाडीतली पट्टी कापून अखंड काच बसवून घेतली. आज तीच दुभागलेल्या काचेची गाडी संग्राहकांच्या डोळ्यांतली बाहुली आहे.

पण एका बाबतीत मी नाराजांच्या पंगतीत जाऊन बसतो. या गाडीत क्लचचं पेडल नाही. आठ गिअरचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, बस्स. गाडी तीन सेकंदांच्या आत ताशी सत्त्याण्णव किलोमीटरचा वेग गाठते. माणसाच्या हाताला ते जमायचं नाही, हे मान्य. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांची मागणी वर्षागणिक घटत होती, हेही मान्य. कॉर्व्हेटवर पोथीनिष्ठ प्रेम करणारे विसरतात, की पहिल्या १९५३च्या गाडीतही क्लच नव्हता. दोन गिअरचा स्वयंचलित बॉक्स आणि सहा सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. तरीही ही तक्रार मला खरी वाटते. इंजिन कुठे बसवायचं हा गणिताचा प्रश्न आहे. डावा पाय आणि उजवा हात यांना गाडी चालवताना काम मिळावं की नाही, हा आनंदाचा प्रश्न आहे, आणि स्पोर्ट्स कार घ्यायचीच मुळी आनंदासाठी. चुकत चुकत, इंजिनाचा आवाज ऐकत नेमक्या क्षणी गिअर खाली आणण्यात जो शहारा आहे, तो स्टिअरिंगमागचा खटका दाबून येत नाही.

इंजिन मागे नेल्याने किंमत भडकेल, ही भीती मात्र खोटी ठरली. पहिली किंमत ५९,९९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण एक्केचाळीस लाख रुपये. मधल्या इंजिनाची फेरारी त्या वेळी चौपटीहून महाग होती. आयुष्यभर पै-पै साठवून साठीत स्वप्न पुरं करणारा माणूस हा या गाडीचं जुनं गिऱ्हाईक. कंपनीने त्याला दारातून परतवलं नाही, याचं मला फार कौतुक आहे. त्याचं सामान मावावं म्हणून इंजिनामागे डिकीही ठेवली. २०२४मध्ये आलेली नवी झेडआर१ १,०६४ अश्वशक्ती फक्त मागच्या चाकांना देते. इंजिनाच्या जागेचा वाद माझ्यापुरता तिथे मिटला.

पेडलचा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटू नये. तक्रार लावून धरली की कंपन्या ऐकतात. याच गाडीत चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यामध्ये बटणांची एक लांब रांग होती. लोक वर्षानुवर्षं कुरकुरले, आणि २०२६च्या मॉडेलमध्ये कंपनीने ती रांग काढून टाकली. पोर्शेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१३मध्ये ९११ जीटी३ फक्त स्वयंचलित गिअरबॉक्ससह आली. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं, आणि २०१७च्या जीटी३मध्ये हाताने टाकायचा गिअर परत आला. केमन जीटी४ आणि लोटस एमिरा या मधल्या इंजिनाच्या गाड्याही तीन पेडलांसह विकल्या गेल्या, म्हणजे हे अशक्य नाही. कॉर्व्हेटचा मधला बोगदा हाच गाडीचा कणा आहे, त्यात गिअरच्या दांड्याची सोय करणं अवघड आहे, हे इंजिनिअरांचं म्हणणं मी नीट वाचलं आहे. पुढच्या पिढीची गाडी आखायला घेतील तेव्हा कणा नव्यानेच आखावा लागणार आहे. पेडलची मागणी लावून धरायची ती तेव्हा, पहिली रेघ ओढायच्या आत.