एकवीस मायक्रॉन

गेल्या महिन्यात एकदाचं ठरवलं, डोळ्यांचं लेझर करून टाकायचं. मायनस सात नंबर आहे माझा. पावसात सिंहगड चढताना दर दोन मिनिटांनी चष्मा पुसून कंटाळलो होतो.

पहिल्या क्लिनिकमध्ये स्कॅन झाला. कॉर्नियाची जाडी ४९७ मायक्रॉन. "थोडी कमी आहे, पण चालेल." आठवड्याने दुसरं मत म्हणून वेगळ्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे ४७६. आता बोला! एकच डोळा, एकवीस मायक्रॉन गायब.

एकवीस मायक्रॉन म्हणजे काय, केसाएवढेसुद्धा नाहीत, असं वाटेल. जरा गणित करा. लॅसिकमध्ये वरची चकती कापतात, ती धरा ११० मायक्रॉन. खाली ६ मिलिमीटरच्या भागात एका नंबरला साधारण १२ मायक्रॉन पेशी जाळायच्या, म्हणजे मला ८४. एकूण १९४. मागे किमान २५० उरावेत हा जुना संकेत, त्यात दोन्ही आकडे पास. पण हल्ली टक्केवारीही बघतात. एकूण जाडीच्या ४० टक्क्यांच्या वर गेलात तर पुढे कॉर्निया कमजोर होऊन फुगण्याचा धोका वाढतो, असं मानतात. ४९७ धरले तर ३९ टक्के. ४७६ धरले तर जवळपास ४१! म्हणजे मी पास की नापास, हे मी कुठल्या खुर्चीत बसलो त्यावर ठरणार?

मग वाचत बसलो (ऑफिसातच, सांगू नका कुणाला). अल्ट्रासाउंडवाला प्रोब भूल देणारे थेंब टाकून डोळ्याला टेकवतात. आवाजाचा वेग सेकंदाला १६४० मीटर गृहीत धरून जाडी काढतात. प्रोब मधोमध नसेल, तिरका असेल, तर आकडा वाढतो, कारण कॉर्निया कडेला जाडच असतो. पेंटाकॅमसारखी यंत्रं न टेकता फोटो काढतात, ओसीटी प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजतं. आणि ऑर्बस्कॅन नावाच्या जुन्या यंत्राचा आकडा अल्ट्रासाउंडपेक्षा जास्त यायचा, म्हणून तो सरळ ०.९२ ने गुणायचे. हे वाचून मला आमच्या प्रोजेक्टमधला कोड आठवला, कुणीतरी कधीतरी टाकलेला कॉन्स्टंट आणि काढायची कुणाची हिंमत नाही.

माझं म्हणणं यंत्रं वाईट आहेत असं नाही. एकच यंत्र त्याच डोळ्याला परत परत मोजतं तेव्हा आकडे छान जुळतात. घोळ होतो तो एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवला की. दोन सर्व्हरची घड्याळं वेगळी असताना लॉग जुळवायला बसण्यासारखंच. आणि तरी बाहेर लोक "माझी जाडी ५२०" असं रक्तगटासारखं सांगत फिरतात. काचबिंदूच्या तपासणीतही हा आकडा लागतो, कारण पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाब आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. तिथेही यंत्राचं नाव विचारणारा पेशंट मी तरी पाहिला नाही.

आता कबुली. पहिल्या स्कॅनच्या आदल्या रात्री रिलीज होता आणि मी लेन्स घालूनच सोफ्यावर झोपलो. सकाळी दहाला स्कॅन. झोपेत कॉर्निया सुजतो, लेन्स घालून झोपलं तर जास्तच. दुसऱ्या वेळी मात्र आठवडाभर चष्म्यावर होतो. पण पहिल्या ठिकाणी "लेन्स कधी काढल्या?" हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि रिपोर्टवरही त्याची नोंद नाही. याचा राग अजून गेलेला नाही. पॅकेजचे हप्ते मात्र तत्परतेने समजावून सांगितले!

शेवटी आणखी दोन आठवडे लेन्स बंद ठेवल्या. पहिल्याच यंत्रावर, दुपारी तीन वाजता, तीनदा मोजायला लावलं. टेक्निशियन वैतागली. ४८१, ४७९, ४८२. म्हणजे ४० टक्क्यांच्या जराशी वरच. दुसऱ्या डॉक्टरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "जाडी एकटी काही ठरवत नाही, आकारही बघतो आम्ही. पण तुमच्या जागी मी थांबलो असतो."

आई म्हणाली, "चष्म्यात काय वाईट दिसतोस रे?" काल लक्ष्मी रोडवर नवी फ्रेम टाकून आलो.