हळद जिंकली, पण नेमकं काय जिंकली?

हळदीचा विषय निघाला की आमच्या सटाण्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आता अमेरिकेनंसुद्धा मान्य केलंय!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एकदा त्याचा हिशेब मांडायलाच हवा. घरच्या मंडळींनी रागावू नये.

मूळ गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना 'जखम भरण्यासाठी हळद' यावर अमेरिकेत पेटंट मिळालं. (गंमत म्हणजे दोघंही मूळचे भारतीयच!) डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. त्यांनी आव्हान दिलं, 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर होता, 1953 सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

पण रद्द का झालं? तर 'हे नवीन नाही' म्हणून. बस्स. हळदीनं जखम किती बरी होते, कुणाची होते, कुणाची चिघळते, हा त्या भांडणाचा मुद्दाच नव्हता. तुमच्या आजीला हे आधीपासून ठाऊक होतं, एवढंच अमेरिकेनं मान्य केलं. आपण मात्र त्या निकालाचं औषधाचं प्रमाणपत्र करून टाकलं.

याची किंमत आमच्या घरानं मोजली आहे. नात्यातल्या एका काकांना मधुमेह. टाचेला भेग पडली, तिची जखम झाली. दोन आठवडे त्यात दुकानातली हळद भरली. दुखत नव्हतं म्हणून सगळे निश्चिंत! अहो, मधुमेहात पायाची संवेदनाच जाते, दुखणार कसं? शेवटी नाशिकला नेलं तेव्हा पायाची दोन बोटं काढावी लागली. "हळद लावली नसती तर याहून वाईट झालं असतं," असं त्यावरही कुणीतरी म्हणालंच.

आजीचं शहाणपण एवढं भाबडं नव्हतं. मुका मार लागला, पाय मुरगळला तर ती आंबेहळद उगाळून कोमट लेप द्यायची, तोही अखंड कातडीवर. भाजीतली हळद वेगळी, आंबेहळद वेगळी, कचोरा वेगळा. एकाच कुळातले हे कंद, पण तिच्या डब्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. आपल्याला मात्र पिवळं दिसलं की पुरे. त्या पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे चक्क शिसं, मिसळल्याचं भारतात आणि बांगलादेशात आढळलं आहे. ते उघड्या जखमेत भरायचं?

आणि आता गोळ्या आल्यात. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. गोळीतल्या अर्कात ते 95 टक्क्यांपर्यंत, वर ते अंगात जास्त मुरावं म्हणून मिऱ्याचा अर्क. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केली; त्यातला एक दगावला. वरणात चिमूटभर हळद घालणाऱ्या आजीच्या नावावर हे खपवू नका.

हळद खावी, लग्नात लावावी, आंबेहळदीचा लेपही खुशाल द्यावा. पण साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. परंपरेचा मान राखायचा तर तिची मर्यादाही ओळखायला हवी. ती न ओळखता मिरवतो तो नुसता अहंकार.