फवारणी न केल्याचा गुन्हा

औषध मारले नाही म्हणून द्राक्ष बागाईतदाराला फौजदारी कोर्टात उभे केले, असे कधी ऐकले आहे काय? फ्रान्सच्या बर्गंडी भागात ब्यून इथे इमॅन्युएल जिबुलो नावाच्या शेतकऱ्यावर ही पाळी आली. बाग दहा हेक्टरच्या आसपास. वडिलांनी १९७० च्या सुमारास रासायनिक औषधे सोडली, मुलाने तीच वाट धरली.

त्या भागातली चांगली पांढरी वाइन शार्दोने द्राक्षाची. ओकच्या २२८ लिटरच्या पिंपात ती आंबते आणि तिथेच कित्येक महिने मुरते. तळाचा यीस्टचा गाळ अधूनमधून ढवळतात. बोचरे मॅलिक आम्ल जाऊन दह्यात असते ते सौम्य लॅक्टिक आम्ल येते. आम्हाला मात्र पिंपाचा मोठा गुण दिसतो तो वेगळाच. माल निघाला त्याच आठवड्यात व्यापाऱ्याच्या दारात हात जोडून उभे राहावे लागत नाही. आपल्याकडे तासगावच्या बेदाणेवाल्याला शीतगृहामुळे हे थोडेफार साधते, बाकीच्यांचे काय होते ते सांगायला नको.

२०१३ साली तिथल्या प्रीफेने, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरने, सगळ्या जिल्ह्यातल्या बागांवर कीटकनाशकाची फवारणी सक्तीची केली. कारण खोटे नव्हते. फ्लाव्हेसॉन्स दोरे नावाचा पिवळेपणाचा रोग एक तुडतुडा पसरवतो. त्याला इलाज नाही, वेल उपटावीच लागते. जिबुलोने फवारायला नकार दिला. सेंद्रिय शेतीत चालणारे, फुलांपासून काढलेले पायरेथ्रिनसुद्धा नको, त्याने मित्रकीटक मरतात, असे त्याचे म्हणणे. कायद्यात शिक्षा सहा महिने कैद आणि तीस हजार युरो दंडापर्यंत. एप्रिल २०१४ मध्ये हजार युरो दंड झाला, त्यातला अर्धा स्थगित. डिसेंबरात अपिलात तो निर्दोष सुटला.

आमचेच काही पाईक म्हणतील, हा सेंद्रियवाला, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोली जहांगीरला बंदी असलेले कपाशीचे बियाणे आपण उघडपणे पेरले, ते कोणत्या हक्काने? आपल्या शेतात काय वापरायचे ते शेतकरी ठरवील, याच ना? मग काय वापरायचे नाही हेही तोच ठरवील. सोयीपुरते स्वातंत्र्य मागणाऱ्यांत आम्हाला बसायचे नाही.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हाही भ्रम काढून टाकावा. केवड्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तिथेही चालते. मात्र युरोपात तांब्यावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे. हे मिश्रण तरी कुठून आले? मेदोकचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्या वेलींची पाने टिकली, हे मिलार्दे या प्राध्यापकाने १८८२ साली पाहिले. कृषी पदवी घेताना आम्ही मिश्रणाचे प्रमाण पाठ केले, पण मूळ शेतकऱ्याचे होते हे कोणी शिकवले नाही.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: तुडतुडा बांध ओळखत नाही. जिबुलोच्या नकारामुळे शेजाऱ्याची बाग गेली असती तर? तिथे आमचेही स्वातंत्र्य थांबते. पण मग सक्ती करणाऱ्याने आधी रोग कोणत्या गटात सापडला ते दाखवावे, हुकूम तेवढ्याच टापूपुरता काढावा आणि फवारणीने ज्याचे नुकसान होईल त्याला भरपाई द्यावी. अख्ख्या जिल्ह्याला एकच हुकूम ठोकणे कचेरीला सोपे जाते, एवढाच त्याचा आधार.

या तीन अटी ठरावात घालाव्यात की नाही, यावर जिल्हा बैठकीत बोलावे. द्राक्षवाल्यांनी विरोधात बोलायचे असेल तर तेही मोकळेपणाने बोलावे. शेजारच्या बागेची धास्ती त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.