थप्पड कुणी मारली?



मी जन्मांध, तरी रोज रात्री घरच्यांबरोबर मालिका ‘बघते’. परवा एक थप्पड वाजली आणि मग नुसतेच संगीत. कुणी कुणाला मारले? वहिनी म्हणाली, “वन्सं, जाहिरात लागू दे, सांगते.” जाहिरात लागली तशी ती कुकर बघायला उठली. (तिला तरी काय म्हणू? दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच अर्धा तास.)

मालिकांत बाईवरचा अत्याचार बहुधा असा मुक्यानेच चालतो. रोखलेली नजर, आवळलेले मनगट, लावलेली कडी. समुपदेशनाला आलेल्या बाईचे न बोललेलेही मला ऐकू येते. टीव्हीपुढे मात्र वहिनीवाचून अडते.

संवादांच्या मधल्या जागेत दृश्य सांगणारा आवाज, म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन, नेटफ्लिक्सने २०१५ मध्ये सुरू केले ते ‘डेअरडेव्हिल’पासून. नायकच अंध! आपल्याकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात त्याची तरतूद आहे. पण २०१९ मध्ये टीव्हीसाठी मानके आली ती कर्णबधिरांपुरती, आणि २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे चित्रपटगृहांसाठी. घरातली मालिका मधल्यामध्ये राहिली.

वाहिन्यांना निषेधाची पत्रे धाडताना ही मागणीही घालू या. आणि वर्णन लिहिणार कोण, हेही विचारू या. ‘गोरीपान, नाजूक सून’ मला ऐकायची नाही. ‘तो चिडतो’ एवढ्यावरही भागवू नका. त्याने तिचा हात पिरगाळला असेल तर तसेच सांगा. सासू बघत उभी होती, तेही.